एका मिथाइलचं अंतर

आमच्या स्फटिकघरात औषधाचं बारसं करायची पद्धत आहे. पाळणा वगैरे काही नाही. पेढे असतात, आणि ज्याचं औषध त्यानं त्याचं नाव मोठ्यानं सांगायचं असतं. हल्ली प्रत्येक रुग्णाचं औषध वेगळं, फक्त त्याच्या गाठीसाठी बेतलेलं. मग जीभ वळणार नाही असलं कंपनीछाप नाव कशाला हवं, असं सुरुवातीला कुणीतरी म्हणालं आणि ते रूढ झालं. लोक कुलदैवताचं नाव ठेवतात, नातवाचं ठेवतात. एका निवृत्त फौजदारांनी ‘हातकडी’ ठेवलं होतं. माझ्या नवऱ्यानं ‘कौमुदी’ ठेवलं.

त्यावर कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. कौमुदी आमच्या मुलीचं नाव, लाडानं कुमू. सात वर्षांची होती, डेंग्यूनं गेली, आणि त्याला तेव्हा सहा महिनेही झाले नव्हते. हृषीकेश पेढा बोटांनी चुरत उभा होता आणि त्याचा भुगा फरशीवर पडत होता. शेवटी शबनमनं तो त्याच्या हातातून काढून घेतला. शबनम मुजावर म्हणजे आमची रसायनतज्ज्ञ, माझी मैत्रीण. ‘कौमुदी’चा रेणू तिनं रचला होता. त्यासाठी लागणारे स्फटिक मी वाढवले होते.

आता थोडं विज्ञान सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. मी सोपं करून सांगते अशी माझी ख्याती आहे, निदान माझ्या मते.

आपल्या पेशींमध्ये किनेज नावाची प्रथिनं असतात. दुसऱ्या प्रथिनाला फॉस्फेटचा एक तुकडा चिकटवायचा, एवढंच त्यांचं काम. तो चिकटला की ते दुसरं प्रथिन कामाला लागतं किंवा काम थांबवतं. वाढ, थांब, मर, असले पेशीतले कितीतरी हुकूम असेच सुटतात. एखादी किनेज बिघडली की ती ‘वाढ, वाढ’ असं ओरडत सुटते आणि गाठ होते. हृषीच्या फुप्फुसात तेच झालं होतं. आयुष्यात कधी विडीला हात लावला नाही या माणसानं.

किनेजला गप्प करायचं तर तिच्या खोबणीत काहीतरी अडकवून ठेवायचं. या खोबणीत एरवी एटीपी नावाचा रेणू येऊन बसतो आणि फॉस्फेट देतो. पण घोडं इथेच अडतं. माणसाच्या शरीरात पाचशेहून जास्त किनेज, सगळ्या एकाच भावकीतल्या, आणि एटीपी सगळ्यांना लागत असल्यामुळे खोबणही जवळजवळ सारखीच. एकीच्या तोंडाला बूच मारायला जावं तर ते दहाजणींच्या तोंडाला बसतं. मग कातडी सोलते, केस पांढरे होतात, हृदय अडखळतं. म्हणून आपल्याला हवी ती खोबण नीट दिसावी लागते. तिच्यात कुठे एखादा कोपरा जास्तीचा आहे, कुठे एखादा अणू आडवा आलाय, ते बघून औषध बेतावं लागतं.

आणि ती दिसायला स्फटिक हवेत. एकटंदुकटं प्रथिन क्ष-किरणांच्या हाती लागत नाही. अब्जावधी सारखी प्रथिनं कवायतीला उभी राहिल्यासारखी ओळीत उभी राहिली, की किरण त्यांच्यावरून विखुरतात आणि त्या ठिपक्यांवरून गणित करून प्रत्येक अणूची जागा काढता येते. आम्ही रुग्णाच्या गाठीतून जनुक काढतो, ते दुसऱ्या पेशींत घालून प्रथिन करून घेतो, आणि मग एका थेंबात ठेवून त्याची मनधरणी करतो. प्रथिनं भलती मानी असतात. नाहीच ऐकलं तर जुन्या स्फटिकाच्या चुऱ्यातून मांजरीच्या मिशीचा केस फिरवायचा आणि तो नव्या थेंबातून अलगद ओढायचा. केसाला चिकटलेल्या कणांवर नवे स्फटिक धरतात. इतकी महागडी यंत्रं आली, पण मिशीच्या केसाला पर्याय आला नाही. आमच्याकडचे केस शबनमच्या मांजरीचे. आपोआप गळालेले, ओढून काढलेले नव्हेत, हे ती प्रत्येक पाहुण्याला बजावून सांगते.

स्फटिक थेंबातून काढला की लगेच द्रव नायट्रोजनमध्ये गोठवायचा. नाहीतर क्ष-किरणांनी त्याचा चुथडा होतो. ही सवय आमच्या हाडीमाशी खिळलेली आहे. काढला की गोठवला. त्यावर कुणी विचार करत नाही. आम्हीही केला नाही.

हृषीच्या मेंदूतही दोन ठिपके दिसले होते, म्हणून औषध मेंदूत शिरेल असंच रचावं लागलं. गाठीतल्या त्या किनेजची एक चुलत बहीण मेंदूत असते. तिचा गोठवलेला स्फटिक आमच्याकडे होता. त्यात तिच्या खोबणीच्या तोंडावर प्रथिनाचंच एक वेटोळं आडवं पडलेलं दिसत होतं, दार लावून घेतल्यासारखं. औषध इथे शिरणार नाही, असं आम्ही छातीठोकपणे सांगितलं.

गोळी लागू पडली. फुप्फुसातली गाठ लिंबाएवढी होती ती बोराएवढी झाली, मग वाटाण्याएवढी, मग तपासणारे डॉक्टरच ती शोधत बसले. मेंदूतले ठिपके पुसले गेले. मी देवधर्म फारसा मानत नाही, तरी त्या दिवशी काळारामाला नारळ फोडून आले.

हृषी द्राक्षबागांचा सल्लागार आहे. छाटणीआधी दिंडोरी-निफाडकडचे बागायतदार त्याला बोलावून नेतात, आणि कुठल्या काडीवर घड धरेल हे तो डोळ्यावर बोट ठेवून सांगतो. काडीवर जिथून फूट येते त्याला डोळा म्हणतात. एप्रिलच्या खरड छाटणीला तो पुन्हा बागेत गेला. रापून, हसत, हातात रानमेव्याची पिशवी घेऊन घरी आला. मग एके दिवशी आंघोळ करताना गाणं म्हणायला लागला. मला जरासं खटकलं, पण मीच माझी समजूत घातली. माणूस मरणाच्या दारातून परत आलाय, गाईल नाही तर काय करेल?

असाच उन्हाळा सरत आला. एका संध्याकाळी मी कामावरून आले तर सोसायटीच्या फाटकाशी हृषी वाकून कुमूच्या जांभळ्या सायकलची सीट खाली करत होता. शेजारच्या इमारतीतली एक लहान मुलगी बाजूला उभी होती. तिनं घंटी वाजवून पाहिली आणि सायकल घेऊन निघून गेली.

“कुमूची आहे ती, हृषी,” मी म्हणाले.

“हो ना. गंजत पडली होती ग. कुमूलाही आवडलं असतं.”

तो हसत होता. त्याचं खोटं हसणं मला लांबून ओळखू येतं. हे खोटं नव्हतं. मी त्याला वर घेऊन आले. दार लावलं आणि विचारलं, “तुला तिची आठवण येत नाही?”

तो खरंच विचार करायला लागला, कुणी पिकाबद्दल शंका विचारावी तसा. “येते की. रोज येते. आज सकाळीच तिचा तो हलणारा दात आठवला, दोरा बांधू द्यायची नाही बघ. मला सगळं आठवतं, मनवा. दुखत नाही, एवढंच.”

“एवढंच? हृषी, तुला हसता कसं येतं?”

“मला वाटलं, तू खूश होशील,” तो म्हणाला. त्याचा चेहरा पडला. मला दुखावल्याचं त्याला वाईट वाटत होतं. माझ्यासाठी वाईट वाटत होतं.

त्या दिवसापासून मी एकटी पडले. कुमूच्या कानामागे कसा वास यायचा, हे जगात दोनच माणसांना ठाऊक होतं. त्यातल्या एकाला आता ती नुसती माहिती होती. मी रडले की तो पाणी आणून द्यायचा, पाठीवरून हात फिरवायचा, थांबायचा. पावसात छत्री धरून उभं राहणाऱ्या परक्या सज्जन माणसासारखा वागायचा. मला त्याचा इतका राग यायचा, आणि त्यानं तर काहीच केलं नव्हतं.

मी शबनमला सांगितलं. ती आधी म्हणाली, “पुरुष असेच असतात ग. आत ठेवतात.”

“हा आत ठेवत नाहीये. आत काही नाहीये.”

“औषध मेंदूत भलत्याच जागी तर बसलं नसेल?” ती म्हणाली. मग आम्ही दोघीही एकाच वेळी त्या चुलत बहिणीच्या स्फटिकाकडे वळलो.

मी तिचे स्फटिक नव्यानं वाढवले, आणि या वेळी गोठवले नाहीत. माणसाच्या अंगात असते तेवढ्या उबेत ठेवले, आणि स्फटिक जळायच्या आत चित्र निघावं इतका क्षणभराचा किरणांचा झोत मारला. पडद्यावर खोबण उमटली. वेटोळं तोंडावर नव्हतंच. बाजूला कलून डोलत होतं.

“दार उघडं आहे,” शबनम म्हणाली.

थंडीनं आखडलेल्या माणसाची मूठ बघून त्याचा हात उघडतच नाही असं म्हणावं, तसं आम्ही केलं होतं. गोठवल्यामुळे ते दार लागलं होतं. जिवंत माणसात ते उघडं होतं, आणि आमची ‘कौमुदी’ आत जाऊन ठाण मांडून बसली होती.

त्या किनेजवर तोवर फारसं कुणी काम केलं नव्हतं. पुढे हृषीसारखे आणखी काही रुग्ण सापडले, आणि जे कळलं ते असं. आठवण मेंदूत एका जागी असते. तिची कळ उठते ती छातीत, घशात, पोटात. या दोहोंमधला निरोप ही किनेज पोचवते. ती गप्प झाली की आठवण जागच्या जागी शाबूत राहते आणि कळ उठत नाही. राग येतो, भूक लागते, हसू येतं, माया वाटते. फक्त गेलेल्या माणसासाठी पोटात तुटत नाही.

बातमी फुटायला वेळ लागला नाही. स्फटिकघरात फोन यायला लागले. “कॅन्सर नाहीये हो आमच्याकडे कुणाला, पण ती गोळी मिळेल का?” जळगावच्या एका बाईंचा भाऊ गेला होता. एका मुलाला आईसाठी हवी होती. आई भिंतीकडे तोंड करून झोपते म्हणाला. गोळी अशी देता येत नाही, हे ठरलेलं उत्तर होतं. सुरुवातीला मी चिडून फोन आपटायचे. नंतर नंतर आपटवेना. टीव्हीवर चार माणसं एकमेकांच्या अंगावर ओरडत होती की दुःख हा आजार धरायचा की नाही. हृषी भुईमुगाच्या शेंगा सोलत ते बघत होता.

“मग तूही घे ना,” तो मला म्हणाला. “शबनमला सांगून बघ. तुझे हाल बघवत नाहीत ग मला. आपण मस्त कुठेतरी फिरायला जाऊ.”

“मीपण घेतली तर तिच्यासाठी रडणारं या घरात कोण उरेल?”

“कुणी का उरायला हवं?”

त्यात कुचकेपणा नव्हता. त्याला खरोखर कळत नव्हतं.

मग मी हट्टाला पेटले. गाठीतली किनेज आणि मेंदूतली तिची चुलत बहीण, दोघींचे स्फटिक उबेत वाढवले. हे सांगायला सोपं आहे. करताना नाकी नऊ आले. थेंबामागून थेंब नासत होते आणि ऋतू उलटत होते. शेवटी दोघींच्या खोबणी शेजारी शेजारी पडद्यावर आल्या. हृषीच्या गाठीतल्या किनेजमध्ये जो बिघाड होता, त्यामुळे तिच्या खोबणीच्या तळाशी एक इवलासा कोनाडा तयार झाला होता. चुलत बहिणीत त्या जागी अणूंची गर्दी होती. औषधाला त्या बाजूनं एक छोटासा गट जोडला, तर तो इथे कोनाड्यात बसला असता आणि तिथे भिंतीवर आपटला असता. शबनमनं मिथाइल जोडला. एक कार्बन, तीन हायड्रोजन. रसायनशास्त्रात यापेक्षा लहान बदल फारसे नसतात. नवा रेणू गाठीला तितकाच घट्ट धरत होता आणि चुलत बहिणीला हातही लावत नव्हता. सगळ्या चाचण्या नीट पार पडल्या.

“हे तू कुणासाठी करतेयस?” शबनमनं विचारलं. “त्याच्यासाठी, का तुझ्यासाठी?”

“माझ्यासाठी,” मी म्हणाले. तिच्याशी खोटं बोलून काय उपयोग होता?

हृषीला सांगायला मी दिंडोरीच्या बागेत गेले. घरात धीर झाला नसता. तो मांडवाखाली काड्या बघत फिरत होता, मी मागून चालत सांगत होते. दोन्ही गोळ्या गाठीच्या दृष्टीनं सारख्याच आहेत. जुनीच चालू ठेवलीस तरी तब्येतीला धोका नाही. नवी घेतलीस तर तुला दुखेल.

“कितपत?”

“मला दुखतं तेवढं.”

त्यानं एक काडी छाटून बाजूला टाकली. “म्हणजे तुला माझी सोबत हवीय.”

“हो.”

“दुखण्यात.”

“हो, हृषी.”

“मग घेतो की. त्यात काय एवढं?” तो हसला. “आणि बारशाचा घाट नको आता. ‘कौमुदी-दोन’ लिहून टाक, सोपं पडेल.”

मी तिथेच थांबायला हवं होतं. ज्याला दुखतच नाही त्यानं दुखायला दिलेली परवानगी काय कामाची? पण मी इतकी एकटी होते की मला ती पुरली.

जुनी गोळी अंगातून उतरायला थोडे दिवस गेले. एका सकाळी तो गॅलरीत दोरीवरचे कपडे काढत होता. काढता काढता थांबला. माझे कपडे होते, त्याचे होते. लहान कपडे नव्हते. तो दोरीकडे बघत राहिला आणि मग खाली फरशीवर बसला.

“मनवा,” तो म्हणाला, “ती नाहीये.”

मी धावत गेले आणि त्याला कुशीत घेतलं. मला आनंद झाला. सांगायला लाज वाटते, पण झाला. आम्ही दुपारपर्यंत तिथेच बसून रडलो. तो हलणारा दात, शाळेच्या डब्यातून ती परत आणायची ती भेंडी, तिचं खोटं खोटं खोकणं. एकानं सुरू करायचं आणि दुसऱ्यानं पुरं करायचं. लग्न झाल्यापासून इतकी जवळ मी त्याच्या कधी नव्हते. मला वाटलं, संपलं. आला हा परत.

पण त्याचं रडणं दुसऱ्या दिवशी तसंच होतं, आणि तिसऱ्या दिवशी वाढलं. मी तीन वर्षं रोज थोडं थोडं रडून माझं दुःख अंगवळणी पाडलं होतं. त्याचं घडीही न मोडलेलं, कोरं होतं. त्याच्या लेखी कुमू काल गेली होती. आणि भरीला एक नवीनच गोष्ट होती, जी मला कधी सोसावी लागली नव्हती.

“मी गात होतो,” तो म्हणायचा. “तिला जाऊन वर्षही झालं नव्हतं आणि मी न्हाणीघरात गात होतो. मनवा, मी कसला बाप आहे?”

“ते तू नव्हतास. ती गोळी होती.”

“मीच होतो. मला आठवतंय ना. मजेत होतो मी.”

एकदा तो सायकल परत मागायला त्या शेजारच्या इमारतीत गेला. मुलगी उंच झाली होती, सायकल त्यांनी कधीच भंगारात दिली होती. तो तिथल्या जिन्यात बसून राहिला. त्या मुलीच्या आईनं मला फोन करून बोलावलं. ऑक्टोबरची छाटणी आली, बागायतदारांचे फोन वाजून वाजून बंद झाले. तो दोन घास खायचा आणि ताट सारायचा. तपासणीत गाठीचा मागमूस नव्हता. फुप्फुसं स्वच्छ होती आणि माणूस माझ्या डोळ्यांदेखत चालला होता.

आणि मला त्याच्याबरोबर रडता येईना. मी प्रयत्न करायचे, येतच नसे. ज्या जागी मी त्याला ओढून आणलं होतं, तिथून मी स्वतः केव्हाच पुढे निघून आले होते. मला कुमूचं काही आठवून आता हसूही यायचं. एकदा तिच्या खोट्या खोकल्याची नक्कल करून मी हसले, तर त्यानं ताट बाजूला सारून माझ्याकडे पाहिलं.

“तुला हसता कसं येतं?” त्यानं विचारलं.

हा माझाच प्रश्न होता, शब्दसुद्धा तेच.

मी शबनमकडून जुन्या गोळ्या मागून आणल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहाच्या कपाशेजारी ती पट्टी ठेवली.

“नको,” हृषी म्हणाला. “तुला कबूल केलंय मी.”

“मी सोडवतेय तुला त्यातून.”

“आणि तू?”

“मला जमतं आता. तुला जमायला वर्षं लागतील रे, आणि तेवढी वर्षं तुझं शरीर काढणार नाही. आरशात बघ जरा स्वतःला. कुमूनं ओळखलं नसतं तुला.”

त्यानं पट्टीतून गोळी काढली. तळहातावर घेतली.

“आधी तुला एक सांगतो,” तो म्हणाला. “नंतरही सांगता येईल मला, पण असं नाही सांगता येणार. तू प्लेटलेट्स आणायला खाली गेली होतीस तेव्हाचं. ती झोपेतच गेली, असं सांगितलं होतं ना मी तुला? तू गेल्यावर ती जागी झाली होती. मी गाणं म्हणायला लागलो, तर म्हणाली, बाबा, तू नको म्हणूस, तू बेसूर आहेस. मग म्हणाली, आई आली की उठव मला. आणि डोळे मिटले.” मी त्याचा हात धरला. “तू आलीस तेव्हा मी तिला हलवत होतो. तू ओरडलीस माझ्यावर, कशाला हलवतोस तिला म्हणून. मी तिला उठवत होतो ग, मनवा. तिनं सांगितलं होतं. तू आली होतीस ना, म्हणून उठवत होतो.”

मला वाटत होतं, माझं रडून झालंय. काही झालं नव्हतं. मी टेबलावर डोकं ठेवून, तोंडाला येईल तसा आवाज काढून रडले, आणि तो माझ्या केसांवर तोंड ठेवून रडत होता. “इतकी वर्षं का नाही सांगितलंस रे?” मी कसंबसं विचारलं.

“आधी सांगवलं नाही. आणि गोळीवर असताना, हे सांगण्यासारखं काही आहे, असं कधी वाटलंच नाही.”

चहा गार झाला होता. मी त्याला पाणी दिलं आणि त्यानं गोळी घेतली.

पुढच्या आठवड्यांत त्याचा चेहरा निवळत गेला. मी रोज बघत होते. आधी झोप आली, मग भूक, मग बागांचे फोन. एकदा मला म्हणाला, “तुला फार त्रास दिला ना मी मध्यंतरी?” तो चांगला नवरा आहे. माझी काळजी घेतो, माझ्यावर माया करतो, त्यात काही कमी नाही.

संक्रांतीनंतरच्या रविवारी शबनमला जेवायला बोलावलं होतं. हृषी हौसेनं वाढत होता. बोलता बोलता शबनम गमतीनं म्हणाली, आता एखादं गाणं होऊन जाऊ दे.

“माझं गाणं?” हृषी मोठ्यानं हसला. “आमच्या कुमूला विचारायला हवं होतं. बाबा, तू बेसूर आहेस म्हणायची! अगदी शेवटच्या दिवशीसुद्धा म्हणाली. मला म्हणे, तू गाऊ नकोस, आई आली की उठव मला. आणि मग ही आली, आणि मी आपला तिला हलवतोय, हलवतोय, आणि ही माझ्यावर ओरडतेय!”

तो आमटीची वाटी भरत होता. शबनमचा घास हातातच राहिला. तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि तिचे डोळे भरून वाहायला लागले.

“अगं, काय झालं?” हृषी घाबरला. “तिखट लागलं का? मनवा, दही आण तिला.”

“आणते,” मी म्हणाले, पण उठले नाही. त्याच्याइतकं तिचं दुसऱ्या कुणाला आठवत नाही. “तू सांग. कुमू आणखी काय म्हणायची?”

तो वाटी हातात घेऊन आठवून आठवून सांगत राहिला, आणि आम्ही दोघी ऐकत राहिलो.